मशीनवरचा प्रोग्रॅम ऑफिसात परत येतो का? सीएनसी शॉपमधल्या फाइल आणि रेव्हिजनबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नऊ सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनचे शॉप आहे, सहा टर्निंग सेंटर (लेथ) आणि तीन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीन). एका व्हीएमसीला सिमेन्स ८२८डी कंट्रोल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) आहे, बाकी सगळ्यांना फानुक. कस्टमरने ड्रॉइंग बी वरून सी रेव्हिजनला (पुढच्या आवृत्तीला) नेले आणि एका ग्रूव्हची (खाचेची) रुंदी बदलली. ऑफिसातला प्रोग्रॅम त्याच दिवशी दुरुस्त झाला. तरी पुढच्या आठवड्यात रात्रपाळीला जुनाच प्रोग्रॅम लागला आणि अख्खा लॉट जुन्या ग्रूव्हचा निघाला. आता मालक विचारतात, कोणते डीएनसी सॉफ्टवेअर (ऑफिस आणि मशीनमध्ये प्रोग्रॅम ने-आण करणारे) घ्यायचे, आणि त्या रात्रीच्या सेटरचे (मशीनवर जॉब बसवणाऱ्याचे) काय करायचे?

आधी काय घडले ते नीट बघू. ऑफिसातली फाइल बदललेली होती, म्हणजे बदल करायला कोणी विसरले नव्हते. पण मशीनच्या मेमरीत बी रेव्हिजनचा प्रोग्रॅम तसाच पडून होता. सेटरने जॉ (जॉब पकडणारे जबडे) लावले, ओ नंबर (प्रोग्रॅमचा नंबर) शोधला, तो मिळाला, पहिला पीस साईजमध्ये आला. साईज कोणत्या रेव्हिजनच्या ड्रॉइंगवर बघितली हा वेगळा प्रश्न आहे, पण स्क्रीनवर तरी हा प्रोग्रॅम रद्द झाला आहे असे सांगणारे काहीही नव्हते.

पुणे-चाकण पट्ट्यातल्या शॉपमध्ये मी आधी सेटिंग आणि मग प्रोग्रॅमिंग करत आलो आहे, आणि हा घोळ सगळीकडे एकाच जागी होतो. ऑफिसातून मशीनवर प्रोग्रॅम कसा जाईल याची सोय सगळे करतात. मशीनवरून तो परत कसा येईल याची सोय कोणी करत नाही. प्रोग्रॅम पक्का होतो तो मशीनवर. सेटर सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ चालवतो, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी करतो, ॲप्रोच (टूल जॉबजवळ येते ती जागा) मागे घेतो, आणि मग जॉब बसतो. त्या वेळेपासून मशीनमधली कॉपी खरी आणि ऑफिसातली कच्ची. ती परत आली नाही, तर महिन्याभराने कोणीतरी ऑफिसातली फाइल पुन्हा मशीनवर टाकतो आणि सेटरने मिळवलेले सगळे पुसले जाते. असे दोनदा झाले की सेटर ऑफिसच्या फाइलवर विश्वास ठेवणे सोडतो आणि मशीनमधली किंवा स्वतःच्या पेनड्राइव्हमधली कॉपी जपायला लागतो. तुमच्याकडचा जुना प्रोग्रॅम मशीनमध्ये का राहिला, त्याचे उत्तर मला इथेच दिसते.

ग्रूव्हचेच एक उदाहरण जवळून बघा. एका टर्निंग सेंटरवरचा प्रोग्रॅम बाहेर काढून मी मास्टरशी (ऑफिसातल्या मूळ फाइलशी) लावून पाहिला, तेव्हा चार फरक दिसले. ग्रूव्हिंगचा फीड ०.०८ चा ०.०५ केला होता. ग्रूव्हच्या तळाला जी०४ टाकून ०.३ सेकंदाचा ड्वेल (टूलचा जागीच थांबा) दिला होता. ८०० आरपीएमला तेवढ्या वेळात स्पिंडलचे ४ फेरे होतात आणि तळ गोल यायला एक पूर्ण फेरा तरी हवाच, म्हणजे सेटरने विचार करून केलेले काम. तिसरा फरक, फेसपासून २ मिमीवर रॅपिड (न कापता होणारी वेगवान हालचाल) येत होता तो ५ मिमीवर थांबवला होता, कारण फोर्जिंगचा स्टॉक (कापायचे जास्तीचे मटेरियल) लॉटगणिक कमीजास्त येत होता. हे तिन्ही बदल सोन्यासारखे. चौथा मात्र वेगळा होता: ग्रूव्हच्या तळाचा एक्स (व्यास) ४२.० च्या जागी ४१.९६ केलेला. इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार) झिजल्यामुळे व्यास ४२.०४ येत होता, तेव्हा कोणीतरी वेअर ऑफसेटऐवजी (झिजेसाठी कंट्रोलमध्ये वेगळा भरायचा आकडा) थेट प्रोग्रॅममधला आकडा बदलला. पुढे नवीन इन्सर्ट लावला, ऑफसेट घेतला, की ग्रूव्ह ४१.९६ येणार.

एकाच फाइलमध्ये तीन बदल ठेवण्यासारखे आणि एक काढून टाकण्यासारखा. म्हणून मशीनवरची कॉपी डोळे झाकून मास्टर करता येत नाही आणि मास्टर डोळे झाकून मशीनवर ओतताही येत नाही. मध्ये एक माणूस बसून दोन्ही फाइल शेजारी ठेवून बघणार, हेच या सगळ्या पद्धतीचे मूळ काम आहे.

हे करायची योग्य वेळ म्हणजे सेटिंग उतरवायच्या आधी. जॉब संपला, जॉ किंवा फिक्स्चर काढायच्या आधी प्रोग्रॅम मशीनवरून बाहेर काढायचा आणि ‘मशीनवरून आलेले’ अशा वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा. सेटर तेव्हा तिथेच असतो आणि ड्वेल का टाकला हे त्याला आठवत असते. आठ दिवसांनी विचारलेत तर ‘आधीपासूनच होता’ असे उत्तर येईल. जॉब कार्डवर एक रकाना वाढवा: प्रोग्रॅम परत आला का, सही. ती सही झाल्याशिवाय त्या मशीनला पुढचे सेटिंग द्यायचे नाही. नऊ मशीनच्या शॉपमध्ये हे एका वहीवरही चालते.

मशीनवर कोणी काय बदलायचे हे मात्र स्पष्ट हवे. वेअर ऑफसेट ऑपरेटरचा, त्याला कोणाची परवानगी लागू नये. फीड, स्पीड, ड्वेल सेटरने बदलावे आणि मशीनजवळच्या वहीत एक ओळ लिहावी: कोणता टूल, काय होते, काय केले, का. ज्या बदलाने टूलचा रस्ता बदलतो, म्हणजे कोऑर्डिनेट, टूल नंबर, ऑपरेशनचा क्रम, सेफ पॉइंट, तो प्रोग्रॅमरला विचारूनच. मेमरी प्रोटेक्टची किल्ली (प्रोग्रॅम बदलायचे कुलूप उघडणारी) सेटरकडे असावी. काही ठिकाणी ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये बंद करतात, ते मला पटत नाही. रात्री दोन वाजता इंटरप्टेड कटवर इन्सर्ट तुटायला लागला तर माणूस काहीतरी करणारच. किल्ली नसेल तर दुसरी बनवून घेतली जाते, आणि मग कोण काय बदलतो याचा पत्ताच लागत नाही. बदलाला बंदी घालण्यापेक्षा बदल दिसेल असे करा.

आता नंबर आणि नाव. फानुकचा ओ नंबर बहुतेक कंट्रोलवर चार आकडी असतो. त्यात पार्ट नंबर, ऑपरेशन, रेव्हिजन सगळे कोंबायचा प्रयत्न करू नका, मावत नाही. एक रजिस्टर ठेवा: एक पार्ट, एक ऑपरेशन, एक मशीन, त्याला एक नंबर, आणि पार्ट बंद झाला तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. पेनड्राइव्हवरच्या फाइलचे नाव काहीही असले तरी चार आकडी नंबरवाल्या कंट्रोलवर मेमरीत तो प्रोग्रॅम आतल्या ओ नंबरानेच बसतो. फाइलच्या नावात ‘रेव्ह सी’ लिहून समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. रेव्हिजन आतच हवी. ओ नंबरच्या लगेच पुढे, त्याच ओळीत, कंसात कमेंट लिहिली की ती डिरेक्टरीच्या स्क्रीनवर नंबराशेजारी दिसते. पार्ट नंबर, ड्रॉइंग रेव्हिजन आणि प्रोग्रॅम रेव्हिजन एवढे तिथे बसवा, तारीख आणि प्रोग्रॅमरची आद्याक्षरे खालच्या ओळीत. सिमेन्सवर नाव देता येते म्हणून लोक ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल २’ करत बसतात. तिथेही नाव कायम ठेवा, रेव्हिजन पहिल्या ओळीत अर्धविरामानंतरच्या कमेंटमध्ये लिहा, आणि मेन प्रोग्रॅम, सबप्रोग्रॅम एका वर्कपीस फोल्डरमध्ये ठेवा.

ड्रॉइंगची रेव्हिजन आणि प्रोग्रॅमची रेव्हिजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रॉइंग सी वरच राहते आणि प्रोग्रॅम १ वरून ६ वर जातो, कारण आपण सायकल टाईम कमी करतो, इन्सर्ट बदलतो. म्हणून दोन्ही लिहायच्या, आणि लॉटच्या जॉब कार्डवर दोन्ही उतरवायच्या. कस्टमरकडून तक्रार आली तर तो लॉट कोणत्या प्रोग्रॅमवर निघाला हे तेवढ्याने सांगता येते. एक अडचण नेहमी येते: नवीन गाडीला सी रेव्हिजन आणि स्पेअर पार्टला अजून बी. अशा वेळी ते दोन वेगळे पार्ट समजा आणि दोन वेगळे ओ नंबर द्या. बी पूर्ण बंद झाला असेल तर उलट करा, सी ला तोच नंबर ठेवा, म्हणजे नवीन प्रोग्रॅम मशीनमध्ये गेला की जुना तिथे उरतच नाही. जुना ऑफिसात ‘रद्द’ फोल्डरमध्ये राहील.

याच ठिकाणी फानुकचे एक पॅरामीटर (कंट्रोलमधली सेटिंग) बघून घ्या, ३२०१ मधला बिट २. तो १ असेल तर त्याच नंबरचा नवीन प्रोग्रॅम वाचताना जुना न विचारता पुसला जातो. ० असेल तर अलार्म येतो. मी तो ० च ठेवतो. अलार्म आला की सेटर थांबतो, आणि आतली कॉपी आधी बाहेर काढली का हे बघायला त्याला संधी मिळते.

प्रोग्रॅम एकटा नसतो, हेही रेव्हिजन देताना विसरले जाते. एम९८ ने बोलावलेला सबप्रोग्रॅम, प्रोबिंगचे (मशीनवरच मोजमाप घेणारे) ९००० मालिकेतले मॅक्रो, टूल लिस्ट, सेटअप शीट, फिक्स्चर नंबर, सॉफ्ट जॉचा बोअर, हा सगळा एक संच आहे. मेन प्रोग्रॅम नवीन आणि सबप्रोग्रॅम मशीनमध्ये जुना, अशी गाठ पडली की धडक होते. सेटअप शीटवर प्रोग्रॅम रेव्हिजन छापलेली हवी. प्रोग्रॅमरने १६ च्या एंडमिलच्या जागी १२ चा घेतला आणि शीट जुनीच राहिली, तर सेटर शीट बघूनच टूल लावणार, आणि चूक त्याची नसेल.

मशीनप्रमाणे मास्टर वेगळा ठेवा. ‘दोन्ही फानुकच आहेत’ म्हणून एकच फाइल दोन मशीनला वापरणे धोक्याचे आहे. पॅरामीटर ३४०१ चा बिट ० घ्या. तो ० असेल तर दशांश चिन्ह न देता लिहिलेला एक्स५० म्हणजे ०.०५ मिमी, आणि १ असेल तर ५० मिमी. ओळ तीच, मशीन शेजारी-शेजारी, आणि हालचालीत हजारपट फरक. लेथमध्ये जी-कोडची (प्रोग्रॅममधल्या आज्ञांची) ए, बी, सी अशी पद्धत याच पॅरामीटरने ठरते. ए मध्ये जी९२ ने थ्रेडिंग होते, बी मध्ये त्यासाठी जी७८ लागतो आणि जी९२ कोऑर्डिनेट किंवा कमाल स्पीड बसवतो. म्हणून कमेंटमध्ये मशीन नंबरही हवा, आणि पॅरामीटरचा बॅकअप प्रोग्रॅमइतकाच जपायला हवा. फानुकची मेमरी बॅटरी कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची, हे सगळ्यांना माहीत असते, तरी मेंटेनन्सच्या गडबडीत विसरले जाते.

ऑफिसात एकाच कॉम्प्युटरवर चार फोल्डर पुरतात: चाचणीतले, चालू, रद्द, आणि वर सांगितलेला मशीनवरून आलेल्यांचा. ‘चालू’मध्ये लिहायचा हक्क दोघांनाच द्या, बाकीच्यांना फक्त वाचायचा. विंडोजच्या साध्या परवानग्यांनी हे होते. रोजचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, आणि एक कॉपी शॉपच्या बाहेर.

दोन फाइलच्या तुलनेसाठी विनमर्ज हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. पहिल्यांदा लावाल तेव्हा सगळ्या फाइल लाल दिसतील, घाबरू नका. कंट्रोल प्रोग्रॅम बाहेर काढताना मोकळ्या जागा आणि ओळीच्या शेवटची अदृश्य चिन्हे स्वतःच्या पद्धतीने लिहितो. मोकळ्या जागा आणि ओळीचा शेवट दुर्लक्षित करायचा पर्याय चालू केला की खरे फरक तेवढे उरतात. प्रोग्रॅमरला कॉम्प्युटरची आवड असेल तर गिट (फाइलच्या आवृत्त्यांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर) वापरायलाही हरकत नाही, जी-कोड साधा मजकूरच असतो. पण सेटरवर ते लादू नका.

कॅमवर (मॉडेलवरून प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) केलेल्या जॉबला एक जास्तीची काळजी लागते. मशीनवर पटलेला बदल कॅमच्या फाइलमध्येही घातला पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी पोस्ट केल्यावर तो गेलाच. आणि पोस्ट प्रोसेसरलाही (कॅममधले काम मशीनच्या कोडमध्ये उतरवणाऱ्या भागाला) रेव्हिजन द्या. मॉडेलला हात न लावता फक्त पोस्ट बदलले तरी बाहेर येणारा कोड बदलतो.

जुन्या कंट्रोलवर एक गोष्ट फार नुकसान करते, ती म्हणजे अपुरी मेमरी. फानुक अजूनही मेमरी कागदी टेपच्या मीटरमध्ये सांगते, ६४० मीटर म्हणजे साधारण २५६ केबी. मोठा मोल्डचा प्रोग्रॅम आला की जागा करायला सेटर जुने प्रोग्रॅम पुसतो, आणि पुसलेल्यात एखादी पक्की कॉपी असते जी जगात दुसरीकडे कुठेच नसते. परत आणण्याची शिस्त लागली की हे पुसणे बिनधोक होते. उलट मी म्हणेन, जॉब संपला की प्रोग्रॅम मशीनमधून काढूनच टाका. मशीनमध्ये फक्त चालू जॉबचा प्रोग्रॅम असेल तर चुकीची रेव्हिजन लागायला जागा उरत नाही. पेनड्राइव्ह किंवा सीएफ कार्डालाही तोच नियम, एका वेळी एक प्रोग्रॅम, काम झाले की रिकामे. आरएस-२३२ वर अजून चालणाऱ्या मशीनवर फाइल मध्येच तुटते, म्हणून शेवटची ओळ आणि % (फाइल संपल्याची खूण) बघितल्याशिवाय सायकल स्टार्ट नको.

रेव्हिजन चुकू नये म्हणून मशीनलाच पहारा द्यायला लावता येतो. कस्टम मॅक्रो (प्रोग्रॅममध्ये व्हेरिएबल आणि अटी वापरायची सोय) असेल तर #५०० च्या पुढचे एक व्हेरिएबल, जे कंट्रोल बंद केल्यावरही राहते, रेव्हिजनसाठी राखून ठेवा. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला अट घाला की त्यातला आकडा या प्रोग्रॅमच्या रेव्हिजनशी जुळला नाही तर #३००० ने अलार्म द्यावा. सेटिंग करताना सेटर जॉब कार्डवरची रेव्हिजन हाताने त्या व्हेरिएबलमध्ये भरतो. कार्डवर ७ आणि मेमरीत ६ असेल तर मशीन हलणारच नाही. तुमच्या त्या रात्री हे असते तर पहिल्या पीसच्या आधीच काम थांबले असते. मात्र हा आकडा प्रोग्रॅममधूनच भरू नका, मग तपासणीला काही अर्थ राहत नाही.

ऑडिटबद्दल थोडेच. आयएसओ ९००१:२०१५ च्या ७.५.३ आणि ८.५.६ या कलमांत कागदपत्रे आणि बदलांचे नियंत्रण येते. एरोस्पेसचे काम घेणार असाल तर एएस९१०० डी च्या ८.५.१.१ मध्ये सॉफ्टवेअर प्रोग्रॅम उत्पादनाला सोडण्याआधी प्रमाणित करा असे सरळच लिहिले आहे. ऑडिटर चालू मशीनसमोर उभा राहून स्क्रीनवरची रेव्हिजन विचारतो आणि मग मास्टर दाखवा म्हणतो. वर सांगितले ते खरोखर होत असेल तर वेगळी तयारी लागत नाही. पीपीएपी (उत्पादनाआधीची कस्टमरची मंजुरी) झालेल्या पार्टवर लोकेशन किंवा ऑपरेशनचा क्रम बदलणार असाल तर मात्र आधी कस्टमरला विचारा.

सॉफ्टवेअर घ्यायचेच झाले, वीस-पंचवीस मशीन झाल्या, तर विक्रेत्याला एकच गोष्ट करून दाखवायला सांगा: मशीनवर फीड बदला, प्रोग्रॅम परत पाठवा, आणि तो मास्टरवर न जाता वेगळा थांबतो का, फरक दाखवतो का. मास्टरवर थेट जात असेल तर घेऊ नका.

सुरुवात ऑफिसच्या फाइलपासून करू नका, मशीनपासून करा. प्रत्येक फानुकवर ओ-९९९९ टाकून पंच केले (म्हणजे बाहेर पाठवले) की मेमरीतले सगळे प्रोग्रॅम बाहेर येतात. पण ३२०२ च्या बिट ४ ने ९००० मालिकेला संरक्षण दिले असेल तर ते येत नाहीत, ते तात्पुरते काढून वेगळे घ्या. मग फक्त चालू पार्टचे प्रोग्रॅम मास्टरशी लावून बघा. वर्षानुवर्षे न लागलेल्या जॉबचे ढिगारे उपसू नका, तो जॉब पुन्हा येईल तेव्हा त्याचे बघू.

त्या सेटरला शिक्षा करू नका. त्याला जवळ बसवा आणि त्याच्या मशीनमधल्या प्रत्येक फरकाचे कारण विचारा, कारण ते फक्त त्यालाच माहीत आहे. आणि तो चुकलेला प्रोग्रॅम अजून मशीनमध्ये असेल तर कोणी हात लावायच्या आधी जसाच्या तसा बाहेर काढा, तारीख टाकून ‘रद्द’मध्ये ठेवा. कस्टमरला ८डी रिपोर्ट (तक्रारीचे कारण आणि उपाय सांगणारा) द्यावा लागेल, तेव्हा मूळ कारणाच्या रकान्यात दाखवायला तो लागेल.